डोंगराआड सिग्नल पोचवणारा मार्कोनी आणि आपली एक कांडी रेंज

मुरबाड : आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ आहे. त्याचं जुनं नाव आता म्हाताऱ्या माणसांनाच आठवतं. पोरं त्याला रेंजचा दगड म्हणतात. घरात मोबाईलला एक कांडी नाही, अंगणात एखादी येते-जाते, आणि त्या कातळावर उभं राहिलं की दोन. लॉकडाऊनमध्ये शाळेची पोरं छत्र्या घेऊन तिथं बसायची. ई-पीक पाहणीचे फोटो शेतात काढायचे आणि वर पाठवायला दगडावर जायचं. डोंगरकडेच्या काही गावांत तर रेशनचं मशीन अंगठा घेत नाही म्हणून दुकानदार ते उचलून उंचवट्यावर नेतो आणि मागोमाग सगळी लाईन चालत जाते. मुरबाड-शहापूरकरांना हे नवीन नाही.

दोन वर्षांमागं आवणीच्या दिवसांत शेजारच्या खाचरात एका बाईला पान लागलं. १०८ ला फोन करायला मी चिखलाच्या पायांनी त्या दगडापर्यंत पळालो. वरून पाऊस कोसळत होता. फोन लागेस्तोवर वीस मिनिटं गेली. बाई वाचली, आज आमच्या बरोबरीनं शेतात उभी असते, पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. रेंज डोंगरावर येते आणि खाली का येत नाही, हे तेव्हापासून मी जमेल तसं वाचत आलोय. वाचता वाचता एका इटलीच्या शेतकऱ्याच्या पोरापाशी येऊन पोचलो. त्याचीही सगळी गोष्ट डोंगरापासूनच सुरू होते.

गुल्येल्मो मार्कोनी हे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं, रेडिओचा शोध लावला म्हणून. त्याचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. बाप ज्युसेप्पे जमीनदार. शहराबाहेर पोंतेक्यो गावात त्यांची शेती आणि मोठा वाडा, त्याचं नाव व्हिला ग्रिफोने. आई अॅनी आयर्लंडची, दारू गाळणाऱ्या प्रसिद्ध जेमिसन घराण्यातली. पोराचं शालेय शिक्षण धड झालं नाही. बरंचसं घरी मास्तर लावून झालं. विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. मात्र ऑगुस्तो रिघी नावाचे नामांकित प्राध्यापक ओळखीचे होते, त्यांनी आपली व्याख्यानं ऐकायला आणि पुस्तकं बघायला मुभा दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर डिग्री नाही, पण लायब्ररीचं कार्ड मिळालं.

१८९४ च्या सुरुवातीला हर्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ वारला. विजेची ठिणगी पाडली की तिच्यापासून न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला पकडता येतात, हे त्यानं दाखवून दिलं होतं. त्याच्यावरचा मृत्युलेख मार्कोनीनं सुट्टीत वाचला आणि या लहरींवरून निरोप पाठवता येईल हे त्याच्या डोक्यात बसलं. वय वीस. घराच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या रेशमाच्या किड्यांच्या ट्रे पडून होत्या, तिथंच त्यानं आपला पसारा मांडला. बापाला हे उद्योग पसंत नव्हते. पोरगं शेतीत लक्ष घालत नाही, नोकरीही करत नाही, नुसत्या तारा गुंडाळत बसतं म्हणून तो वैतागलेला असायचा. आईची मात्र साथ होती. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका रात्री त्यानं आईला माळ्यावर नेलं, एका बाजूचं बटण दाबलं आणि मध्ये तार नसताना दुसऱ्या बाजूची घंटी वाजली.

लहरी पकडायचं यंत्र साधंच होतं. काचेच्या बारीक नळीत धातूचा कीस भरलेला. एरवी त्यातून वीज नीट जात नाही, पण लहर आली की कीस एकमेकाला चिकटतो आणि वीज वाहायला लागते. मग बारीक हातोडीनं नळीला टिचकी मारून कीस परत सुटा करायचा. ही नळी त्याची नव्हती, फ्रान्सच्या ब्रांली वगैरे मंडळींनी आधीच केली होती. ठिणगीचं यंत्रही दुसऱ्याचंच. मार्कोनीनं नवीन काय केलं ते घराबाहेर घडलं, शेतात.

१८९५ च्या उन्हाळ्यात तो सामान घेऊन अंगणात उतरला. काही शे हातांपुढं काही केल्या घंटी वाजेना. मग त्यानं धातूचा पत्रा खांबावर टांगून वर चढवला आणि यंत्राचं दुसरं टोक तारेनं जमिनीत गाडलं. अंतर एकदम वाढलं. खांब अजून उंच केला, अंतर अजून वाढलं. पुढं हिशेब लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की उंची दुप्पट केली की अंतर जवळजवळ चौपट होतं. आज ज्याला आपण अँटेना म्हणतो ती इथं तयार झाली. इटालियनमध्ये अँटेना म्हणजे तंबूचा किंवा शिडाचा खांब. मार्कोनीच्या खांबावरून तो शब्द जगभर गेला आणि आपल्या कौलावरच्या दूरदर्शनच्या काठ्यांपर्यंत येऊन पोचला.

जमिनीत तार गाडण्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. तळ्याच्या काठावर अर्धी काठी उभी धरली तर पाण्यात तिची उरलेली अर्धी दिसते आणि काठी पुरी वाटते. विजेच्या लहरीला जमीन अशीच आरशासारखी वागते. म्हणून अर्धीच अँटेना उभी करायची, उरलेली अर्धी जमीन पुरी करते. लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी उभी काठी आणि खाली जमीन, हिला आजही इंजिनियर लोक मार्कोनी अँटेना म्हणतात. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही जवळपास हाच मामला आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटीमीटर लांबीची, तिचा चौथा हिस्सा आठ सेंटीमीटर. १८०० ची असेल तर चारच. एवढीशी पट्टी वळवून-दुमडून फोनच्या कडेला बसवता येते, आणि जमिनीचं काम फोनच्या आतली तांब्याची पाटी करते. जुन्या फोनला वर शिंग असायचं, नव्याला नाही, म्हणून अँटेना गेली असं नाही. ती पोटात गेली.

परत पोंतेक्योला येऊ. वाड्याच्या पुढं चेलेस्तिनी नावाची टेकडी आहे. मोठा भाऊ आल्फोन्सो यंत्र घेऊन शेतात लांब लांब जायचा आणि सिग्नल आला की काठीला बांधलेला रुमाल हलवायचा. जोवर तो दिसत होता तोवर ठीक. पण मार्कोनीला पाहिजे होतं टेकडीच्या पलीकडं, जिथून रुमाल दिसणारच नाही. मग आल्फोन्सो शेतावरचा माणूस आणि सुतार यांना बरोबर घेऊन, खांद्याला बंदूक लावून टेकडी चढून पलीकडं उतरला. ठरलेलं असं, की सिग्नल मिळाला तर बार काढायचा. मार्कोनीनं माळ्यावर बटण दाबलं. थोड्या वेळानं टेकडीमागून बंदुकीचा आवाज आला. अंतर सुमारे दोन किलोमीटर. आपल्याकडं आज एकविसाव्या शतकात माणूस डोंगर चढून रेंज शोधतो, आणि तिथं १८९५ मध्ये बंदूक घेऊन डोंगर उतरत होता.

इथं कुणीही विचारील, की त्याचा सिग्नल टेकडी ओलांडून गेला तर आपला टॉवर का पोचत नाही. मीही हेच विचारायचो. उत्तर लहरीच्या लांबीत आहे. मार्कोनीच्या उंच तारेतून निघणाऱ्या लहरी खूप लांब होत्या, पुढं पुढं तर शेकडो मीटरच्या. लांब लहर जमिनीला धरून चालते आणि टेकडीला वळसा घालून पलीकडं उतरते, पुराचं पाणी बांधावरून जातं तसं. मोबाईलची लहर वितीएवढी. ती जवळजवळ उन्हासारखी सरळ जाते आणि डोंगरामागं तिची सावली पडते. सिद्धगड, गोरखगड किंवा माहुलीच्या पायथ्याशी संध्याकाळी लवकर अंधारतं ना, तसंच. त्यातल्या त्यात ७०० ते ९०० मेगाहर्ट्झची लहर थोडी वळते, २३०० ची तेवढी वळत नाही. म्हणून एकाच गावात एका कंपनीला कांडी असते आणि दुसरीला नसते. मग मोबाईलला लांबच लहर का वापरत नाहीत? कारण तिला अँटेनाही तेवढीच मोठी लागते आणि तिच्यावरून एका वेळी फार थोडी माणसं बोलू शकतात. व्हिडिओ तर सोडूनच द्या.

१८९६ च्या फेब्रुवारीत आई पोराला घेऊन इंग्लंडला गेली. जगातली सगळ्यात जास्त जहाजं इंग्रजांची, आणि एकदा जहाज समुद्रात गेलं की त्याच्याशी बोलायला काही साधन नव्हतं. गिऱ्हाईक तिथंच होतं. बंदरावर कस्टमवाल्यांनी त्याची पेटी उघडून संशयानं सामान इतकं हाताळलं की यंत्र मोडलं, ते त्यानं परत बांधलं. जूनमध्ये पेटंटचा अर्ज केला. पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांनी त्याला हाताशी धरलं. मे १८९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरून सहा किलोमीटर समुद्रापलीकडच्या बेटावर निरोप गेला. त्याच वर्षी त्यानं नातलगांच्या मदतीनं कंपनी काढली. १८९९ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी पार झाली.

आता इथं आपल्या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. मार्कोनी शेतात खांब उभे करत होता त्याच काळात कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस हेच काम वेगळ्या तऱ्हेनं करत होते. १८९५ मध्ये त्यांनी भिंतीपलीकडं लहरी पाठवून घंटी वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवली. त्यांच्या लहरी काही मिलिमीटरच्या, आज ५जीच्या सगळ्यात वरच्या पट्ट्यात जशा वापरतात तशा. लहरी गोळा करायला त्यांनी नरसाळ्यासारखी अँटेना केली, तो आकार आजही डिश अँटेनाच्या तोंडाशी बसवलेला असतो. लहर पकडायला त्यांनी लोखंड आणि पारा यांचं एक नाजूक यंत्र केलं आणि १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावरचा निबंध सादर झाला. पेटंटची त्यांना ओढ नव्हती. ज्ञान सगळ्यांसाठी, असा त्यांचा स्वभाव. मार्कोनीला १९०१ मध्ये इटलीच्या नौदलाकडून जे पाऱ्याचं यंत्र मिळालं, ते याच कल्पनेवरचं होतं. बोसांचं नाव त्यात कुठं आलं नाही. या गोष्टीवर अभ्यासकांनी पुढं बरंच लिहिलं. माझं मत विचाराल तर मार्कोनी चोर नव्हता, पण दुसऱ्याचं देणं मान्य करण्यात तो मागं राहिला. शोध एकाचा नसतो, बाजारात नाव मात्र एकाचंच चालतं.

त्या पाऱ्याच्या यंत्राची गोष्ट १२ डिसेंबर १९०१ ची. मार्कोनीनं ठरवलं होतं की अटलांटिक महासागरापलीकडं सिग्नल पाठवायचा. शहाणी माणसं सांगत होती की पृथ्वी गोल आहे, लहर सरळ जाऊन आकाशात निघून जाणार. त्यानं ऐकलं नाही. इंग्लंडच्या टोकाला पोल्धू इथं साठ मीटर उंचीचे वीस खांब गोल उभे केले. सप्टेंबरच्या वादळात ते सगळे आडवे झाले. अमेरिकेच्या बाजूचे तसलेच खांब नोव्हेंबरमध्ये पडले. ज्यांच्या मांडवाचं वळवाच्या पावसात असं झालंय त्यांना त्या दिवसाची कल्पना येईल. त्यानं पोल्धूला दोनच खांबांत तारांचा पंखा बांधला आणि स्वतः कॅनडाच्या बाजूच्या न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तिथं खांब उभा करायला वेळ नव्हता, म्हणून सिग्नल हिल नावाच्या टेकडीवरून पतंगाला तार बांधून दीडशे मीटर वर सोडली. आधीचा फुगा वाऱ्यानं तुटून गेला, पहिला पतंगही गेला. तिसऱ्या खेपेला तार टिकली. पोल्धूहून ठरलेल्या वेळी तीन टिंबं पाठवत होते, म्हणजे तारेच्या भाषेतलं एस अक्षर. मार्कोनी कानाला टेलिफोनचं टोपण लावून बसला होता. दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्याला तीन टिकटिक ऐकू आल्या. त्यानं ते टोपण सोबत्याच्या हातात दिलं, त्यालाही आल्या. अंतर सुमारे ३४०० किलोमीटर.

लेखी पुरावा नव्हता, नुसता कान होता. म्हणून त्यानं खरंच ऐकलं की वादळाची खरखर ऐकली, यावर आजही वाद आहे. भर दुपारी एवढ्या लांबून ती लहर येणं अवघड होतं असं बरेच जण म्हणतात. पण पुढच्याच वर्षी जहाजावरून केलेल्या प्रयोगात कागदाच्या पट्टीवर टिंबं उमटली आणि एक नवीनच गोष्ट कळली : रात्री सिग्नल दिवसाच्या दुपटीहून जास्त लांब जातो. रात्री रेडिओवर लांबलांबची स्टेशनं खरखरत लागायची, ती याच कारणानं. वर आकाशात विजेनं भारलेला थर असतो, तो लांब लहरींना आरशासारखा परत खाली पाठवतो. मोबाईलच्या लहरी मात्र त्या थरातून आरपार निघून जातात, म्हणून आपल्याला ते छत नाही.

यानंतरची दहा वर्षं धंद्याची, कोर्टकचेऱ्यांची आणि नावाची. १९०७ मध्ये आयर्लंड आणि कॅनडा यांच्यात पैसे घेऊन निरोप पाठवणं सुरू झालं. १९०९ चं नोबेल त्याला जर्मनीच्या ब्राउन यांच्याबरोबर वाटून मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्यावरचे दोन्ही तारबाबू मार्कोनी कंपनीचे नोकर होते, त्यांचे निरोप ऐकून कार्पेथिया जहाज धावून आलं आणि सातशेवर माणसं वाचली. त्यातला एक तारबाबू शेवटपर्यंत यंत्रावर बसून राहिला आणि बुडाला. त्या वेळी जवळच असलेल्या दुसऱ्या एका जहाजाचा तारबाबू यंत्र बंद करून झोपला होता. जहाजावर चोवीस तास कुणीतरी ऐकत बसलं पाहिजे हा नियम त्यानंतर आला. त्याच वर्षी मार्कोनी कंपनीच्या शेअरांवरून इंग्लंडात मंत्र्यांचं मोठं प्रकरण गाजलं, आणि त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. पहिलं लग्न १९०५ चं होतं, ते टिकलं नाही. १९२७ मध्ये दुसरं झालं. मुलीचं नाव एलेत्त्रा, आणि ज्या बोटीवर तो प्रयोग करत फिरायचा तिचंही नाव एलेत्त्रा. बोटीचं आधी ठेवलं होतं.

माणूस म्हणून सगळंच काही गोड नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला, सरकारी अकादमीचा अध्यक्ष झाला आणि १९३५ च्या अॅबिसिनियावरच्या स्वारीचं त्यानं समर्थन केलं. मोठ्या माणसाची जन्मकथा सांगताना हे वगळायची आपल्याकडं पद्धत आहे. मला ती पटत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राशी त्याचा संबंध. पहिल्या महायुद्धापर्यंत सगळ्यांचा समज होता की लांब जायचं तर लांब लहर, मोठमोठे खांब आणि भरमसाट वीज. मार्कोनीनंही वीस वर्षं त्यातच घातली. मग १९१६ पासून तो आणि त्याचा इंजिनियर फ्रँकलिन उलट्या दिशेनं वळले. लहर आखूड केली, आणि ती चारही दिशांना उधळण्याऐवजी एकाच दिशेला वळवली. तारांचा एक पडदा उभा करायचा, त्याच्यामागं तारांचाच दुसरा पडदा, जो मागं जाणारी लहर पुढं ढकलतो. टॉर्चच्या बल्बमागं चकचकीत वाटी असते तसं. थोडक्या विजेत लहर हजारो किलोमीटर जायला लागली. याला बीम पद्धत म्हणत. वीस वर्षांची आपली समजूत चुकीची निघाली हे कबूल करून नव्यानं कामाला लागायचं, तेही चाळिशी ओलांडल्यावर, हे मला अटलांटिकच्या पतंगापेक्षा मोठं वाटतं.

१९२७ मध्ये इंग्लंड ते हिंदुस्थान ही बीम सेवा सुरू झाली. हिंदुस्थानच्या बाजूचं ठाणं आपल्या पुणे जिल्ह्यात होतं : निरोप पाठवायचं खडकीला आणि घ्यायचं दौंडला. तिकडं इंग्लंडात तशीच जोडी, ग्रिम्सबीजवळ पाठवणी आणि स्केगनेसला घेणं. दोन ठाणी एकमेकांपासून लांब का, तर शेजारी कुणी ढोल वडवत असेल तर लांबची हाक ऐकू येत नाही. तोवर विलायतेचा निरोप समुद्राच्या तळाच्या तारेवरून यायचा आणि महाग पडायचा. बीम स्वस्त आणि जलद निघाली, इतकी की केबल कंपन्यांना घाम फुटला आणि दोन्ही धंदे एकत्र करावे लागले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या सुरुवातीला, ही सेवा सरकारनं ताब्यात घेतली. तिचंच पुढं विदेश संचार निगम झालं.

दौंड लांब वाटत असेल तर माळशेज चढून बघा. जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ मध्ये उपग्रहाशी बोलणारी मोठी डिश उभी राहिली. खोडदला तर प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत, त्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. त्याआधी १९६५ मध्ये याच मंडळींनी आपल्या कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ छोट्या डिश मांडून सूर्याचा अभ्यास केला होता. खोडदची जागा निवडायचं एक कारण असं की भोवतालचे डोंगर शहराकडचा गोंगाट अडवतात. म्हणजे जो सह्याद्री आपली रेंज खातो तोच त्यांना हवा होता.

मागचा पडदा लहर पुढं ढकलतो, ही बीमची युक्ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे. कौलावरची दूरदर्शनची आडव्या काड्यांची अँटेना आठवा. मागची लांब काडी ढकलणारी, पुढच्या आखूड काड्या ओढणाऱ्या. ती रचना जपानच्या उदा आणि यागी यांची, १९२६ ची. घरातलं एक माणूस वर चढून ती मुंबईच्या दिशेनं फिरवायचं आणि खालून पोरं ओरडून सांगायची. मोबाईलच्या टॉवरवर जे उभे लांबट डबे दिसतात तेही असेच दिशेचे आहेत. बहुतेक टॉवरवर तीन बाजूंना तीन तोंडं असतात आणि ती जरा खाली झुकवलेली असतात. तुमचा पाडा दोन तोंडांच्या मधल्या फटीत किंवा झुकावाच्या वर आला, तर टॉवर डोळ्यांना दिसूनही रेंज येत नाही. तक्रार करताना नुसतं रेंज नाही असं न लिहिता कुठून टॉवर दिसतो, कुठून दिसत नाही, कुठल्या कंपनीची किती कांडी येते, हे लिहिलं तर त्याला वजन येतं.

फोनच्या बाजूचंही थोडं सांगतो. टॉवर मोठ्यानं बोलतो, फोन कुजबुजतो. ४जी फोनची बोलण्याची ताकद फार तर वॉटचा पाचवा हिस्सा. म्हणून कधी कधी कांडी दिसते, पण आपला आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. रेंज कमी तिथं फोन सगळी ताकद लावतो आणि बॅटरी उतरते, डोंगरकडेच्या माणसाची बॅटरी शहरापेक्षा लवकर संपते ती त्यामुळं. पत्र्याचं छप्पर आणि धातूचं कव्हर लहर अडवतं. हात आणि डोकं लहर पितं. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा त्याची कडेची पोलादी पट्टी हीच अँटेना होती. डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या फटीवर तळहात आला की रेंज घसरायची, शेवटी कंपनीला गिऱ्हाईकांना फुकट कव्हरं वाटावी लागली. तेव्हा फोन मुठीत घट्ट न आवळता कडेनं धरून बघा. बाजारात बूस्टर म्हणून जे डबे मिळतात ते विनापरवाना लावणं बेकायदेशीर आहे, त्यानं शेजाऱ्यांची रेंजही बिघडते. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत फायबरचं वायफाय चालू असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करून ठेवा. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो. त्या आवणीच्या दिवशी हे मला माहीत नव्हतं.

मार्कोनी शेवटच्या वर्षांत अजून आखूड लहरींकडं गेला. १९३३ मध्ये त्यानं रोममधलं व्हॅटिकन आणि पोपचा उन्हाळ्यातला वाडा कास्तेल गांदोल्फो यांच्यात टेलिफोन जोडून दिला, तार न टाकता. त्याची लहर होती ५७ सेंटीमीटरची. आपल्या मोबाईलच्या ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटीमीटर. म्हणजे शेकडो मीटरपासून सुरुवात करून तो मरायच्या आधी मोबाईलच्या दारापर्यंत येऊन पोचला होता.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकारानं तो गेला, वय ६३. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणच्या वायरलेस ठाण्यांनी दोन मिनिटं यंत्रं बंद ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगदीशचंद्र बोसही गेले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या पेटंटातले मुख्य दावे रद्द केले, आधी ते काम लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी केलं होतं म्हणून. त्याची समाधी पोंतेक्योला, जुन्या वाड्याच्या आवारात आहे.

मुरबाड आणि शहापूरमधल्या ज्या पाड्यांत घरात रेंज येत नाही त्यांची यादी मी करतोय. पाड्याचं नाव, कोणत्या जागी किती कांडी येते, टॉवर दिसतो की नाही आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवर किती वेळ चालू राहतो, एवढं लिहून पाठवा. आतापर्यंत अकरा पाड्यांचं आलंय. त्यातल्या चार ठिकाणी रेंजचा दगड आहे, एका ठिकाणी रेंजचा आंबा.